एका अक्षराचा फरक पकडायचा असेल तर: प्रोबच्या डीएनएमध्ये रासायनिक बदल कुठे, किती आणि कसे करून घ्यावेत

पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या नळीत असंख्य प्रती काढण्याच्या, कामात सगळ्यात जास्त डोकं खातो तो डीएनएच्या ए, टी, जी, सी यांतल्या एका अक्षराचा फरक. अख्खं जनुक तेच, फक्त एका जागी जीच्या ऐवजी टी. तेवढ्यावरून भात मोकळा शिजणार की मऊ, हे बऱ्याच अंशी ठरतं. हा फरक साध्या डीएनए प्रोबने, म्हणजे ठरावीक क्रमाला चिकटणाऱ्या, चमकणारा रंग लावलेल्या छोट्या धाग्याने, ओळखायला गेलं की प्रोब योग्य धाग्याला चिकटतो आणि चुकीच्या धाग्यालाही चिकटतो. चमकेचा आलेख दोन्ही नमुन्यांत वर जातो आणि निकाल काही लागत नाही. यावरचा पक्का उपाय म्हणजे प्रोबच्या धाग्यातच मोजके रासायनिक बदल करून घेणं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे बायोटेक्नॉलॉजीला किंवा मायक्रोबायोलॉजीला गेलेली मुलं बरीच आहेत. पुस्तकं आणि किटची माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत. शब्द कळतात, पण प्रत्यक्ष नळी हातात घेतल्यावर काय करायचं ते त्यातून उलगडत नाही. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. उदाहरण आपल्या शिवारातलंच घेऊ: भात.

आधी बघा, बदलाची गरज आहे का

बदललेला प्रोब साध्या प्रोबपेक्षा बराच महाग पडतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा की साध्या प्रायमरवर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते त्या छोट्या धाग्यावर) काम भागतंय का.

बेळगाव बासमतीचंच घ्या. या तांदळाला भाव चांगला, म्हणून त्यात दुसरा तांदूळ मिसळल्याची तक्रार येळ्ळूर-अनगोळकडचे शेतकरीही करतात आणि गिऱ्हाईकही. सुवासिक तांदळाच्या वासामागे २-ॲसिटाइल-१-पायरोलीन हे संयुग असतं. १९८३ साली ते ओळखलं गेलं. बॅड-एच-२ नावाचं जनुक नीट काम करत असेल तर हे संयुग साठत नाही. जनुक बिघडलं की साठतं आणि भाताला वास येतो. बासमती आणि जास्मिन गटातल्या बहुतेक सुवासिक जातींत या जनुकाच्या सातव्या एक्सॉनमधली (एक्सॉन म्हणजे काटछाटीनंतर आरएनएत टिकणारा भाग) ८ अक्षरं गळालेली असतात. आठ अक्षरांचा फरक म्हणजे मोठा फरक. २००५ पासून त्यासाठी चार प्रायमरची, एकाच नळीत होणारी चाचणी उपलब्ध आहे. सुवासिक नमुन्यात २५७ अक्षरांचा तुकडा दिसतो, बिनवासाच्या नमुन्यात ३५५ चा. साधे प्रायमर, तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं साधं अगारोज जेल, काम झालं. इथे रासायनिक बदलांवर पैसे घालवू नका.

आता वॅक्सी जनुक बघा. भातातल्या अमायलोजचं (स्टार्चच्या एका प्रकाराचं) प्रमाण हे जनुक ठरवतं. त्याच्या पहिल्या इंट्रॉनच्या (आरएनएमधून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या) अगदी सुरुवातीला काही जातींत ‘ए-जी-जी-टी-ए-टी-ए’ असा क्रम असतो, काहींत ‘ए-जी-टी-टी-ए-टी-ए’. जीचा टी झाला की आरएनएची काटछाट त्या जागी नीट होत नाही, एन्झाइम कमी बनतं, अमायलोज घटतं आणि भात मऊ होतो. जी असलेला, म्हणजे ‘जीवाला’ प्रकार भाताच्या इंडिका गटातल्या जातींत जास्त सापडतो, टी असलेला ‘टीवाला’ समशीतोष्ण जापोनिका गटात. इथे फरक एकाच अक्षराचा, आणि आजूबाजूला ए-टीची गर्दी. प्रोबची पकड आधीच ढिली. रासायनिक बदल कामाला येतात ते अशा जागी.

चुकीच्या जोडीचं नाव कागदावर लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं. नुसतं ‘मिसमॅच’ म्हणून भागत नाही. कोणत्या अक्षरासमोर कोणतं अक्षर चुकून येणार आहे ते लिहून काढा, कारण सगळ्या चुकीच्या जोड्या सारख्या कमकुवत नसतात.

ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सीत तीन, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकीच्या जोड्यांची उतरंड मात्र पाठ नसते. शेजारच्या अक्षरांनुसार थोडाफार फरक पडतो, पण ढोबळमानाने जी-जी सगळ्यात घट्ट बसते, मग जी-टी, मग जी-ए. टी-टी आणि ए-ए मधल्या. टी-सी, ए-सी आणि सी-सी सगळ्यात ढिल्या. म्हणजे जी ज्या चुकीत सापडतो ती चूक सुटायला अवघड.

आपल्या हातात एक मोठी सोय आहे: डीएनएला दोन धागे असतात, आणि प्रोब कोणत्या धाग्यावर बसवायचा ते आपण ठरवतो. वॅक्सीवर करून बघू.

जीवाला प्रकार ओळखायचा आहे. वरच्या धाग्यावर जी आहे, त्यासमोर प्रोबमध्ये सी ठेवला. हाच प्रोब टीवाल्या नमुन्यावर गेला तर जोडी होते सी-टी. ढिली जोडी, उत्तम. खालचा धागा निवडला असता तर प्रोबमध्ये जी आला असता, आणि चुकीच्या नमुन्यावर जी-ए जोडी झाली असती. ती घट्ट. म्हणून इथे वरचा धागा घ्या.

टीवाल्या प्रकाराचं उलटं आहे. वरच्या धाग्यासाठी प्रोबमध्ये ए ठेवावा लागतो, आणि चुकीच्या नमुन्यावर ए-जी जोडी बनते. खालच्या धाग्यावर ए आहे, त्यासमोर प्रोबमध्ये टी. चुकीच्या नमुन्यावर टी-सी. ढिली. म्हणून इथे खालचा धागा.

आता एक अडचण उभी राहते. एक प्रोब वरच्या धाग्यासाठी आणि दुसरा खालच्यासाठी बनवला, म्हणजे ते दोघं एक अक्षर सोडून एकमेकांनाच पूरक झाले. दोन्ही एकाच नळीत टाकलेत तर ते भाताच्या डीएनएला सोडून एकमेकांना बिलगतील. बदललेले प्रोब तर जास्तच, कारण बदलामुळे त्यांची पकड वाढलेली असते. तेव्हा दोन प्रोब दोन वेगळ्या नळ्यांत चालवा. एकाच नळीत दोन रंग हवेच असतील तर दोन्ही प्रोब एकाच धाग्यावर घ्या, आणि एका प्रोबला थोडी कमी अचूकता मिळेल हे धरून चाला. मी स्वतः दोन नळ्यांचाच सल्ला देईन. मास्टर मिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण) थोडं जास्त लागतं, पण निकालावर भांडण राहत नाही.

बदल कोणता निवडायचा

एका अक्षराच्या ओळखीसाठी आज सगळ्यात सोयीचा बदल म्हणजे एलएनए, ‘लॉक्ड’ न्यूक्लिक ॲसिड. जपानमध्ये ताकेशी इमानिशी आणि डेन्मार्कमध्ये येस्पर वेंगेल यांच्या गटांनी १९९७-९८ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे तयार केला. यात बेसला, म्हणजे खुद्द अक्षराला, हातही लावत नाहीत. बदल साखरेत होतो: साखरेच्या कड्यातला २' जागचा ऑक्सिजन आणि ४' जागचा कार्बन यांच्यात मेथिलीनचा पूल घालतात. साध्या डीएनएची साखर सतत आकार बदलत असते. पूल पडला की ती सी-३'-एन्डो या एकाच आकारात अडकते. समोरच्या धाग्याशी जुळण्याआधीच अक्षर ठरलेल्या ठेवणीत उभं असतं, त्यामुळे जुळताना स्थिर होण्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती कमी होते. शेजारची अक्षरंही त्याच ठेवणीकडे ओढली जातात. एक एलएनए अक्षर घातलं की वितळण-तापमान, म्हणजे टीएम, साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसने वाढतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टीएम वाढवणं हा हेतू नाही. योग्य जोडी आणि चुकीची जोडी यांच्या टीएममधलं अंतर वाढवणं हा हेतू आहे. लांबलचक प्रोबमध्ये एलएनए ठासून भरले तर दोन्ही टीएम वर जातात आणि चुकीची जोडीही ६० अंशांवर टिकून राहते. एलएनएचा खरा फायदा असा, की टीएम न गमावता प्रोब आखूड करता येतो. पंचवीस अक्षरांच्या धाग्यात एक चूक सहज पचते. तेरा अक्षरांच्या धाग्यात तीच चूक प्रोबला सोडून जायला भाग पाडते.

दुसरा चांगला पर्याय एमजीबी, ‘मायनर ग्रूव्ह बाइंडर’. प्रोबच्या ३' टोकाला एक छोटा रेणू जोडतात, तो दुहेरी धाग्याच्या अरुंद खाचेत जाऊन बसतो. टॅकमन पद्धतीचे १३ ते १८ अक्षरी प्रोब यावरच चालतात. ए-टीची गर्दी असलेल्या जागी तो विशेष चांगला, म्हणजे वॅक्सीसाठीही चालेल. पण जागा ठरलेली असते, तुम्हाला हलवता येत नाही.

पीएनए, म्हणजे पेप्टाइड न्यूक्लिक ॲसिड, हा डेन्मार्कमधल्या पीटर निल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेला प्रकार. त्याचा कणा पेप्टाइडसारखा, विद्युतभार नसलेला. समोरच्या धाग्याच्या ऋणभाराशी त्याचं भांडण होत नाही, म्हणून पकड जबर आणि अचूकता उत्तम. त्याला पॉलिमरेज (प्रत काढणारं एन्झाइम) वाढवू शकत नाही, म्हणून नको असलेला प्रकार झाकून ठेवायला तो वापरतात. पाण्यात विरघळायला मात्र त्रास देतो.

बेसमध्ये केलेले बदलही आहेत. त्यातला मला फार सुंदर वाटतो तो २-थायोथायमिन. जी-टी ही चुकीची जोडी घट्ट का बसते? कारण टीचा दुसऱ्या जागचा ऑक्सिजन जीच्या हायड्रोजनशी बंध जमवतो. त्या ऑक्सिजनच्या जागी गंधक घातलं की हा बंध बिघडतो: गंधकाचा अणू मोठा, आणि बंध स्वीकारण्यात तो कच्चा. एशी होणाऱ्या योग्य जोडीत त्या जागेचा उपयोगच नसतो, त्यामुळे ती जोडी उलट घट्टच होते. चूक जिथून होते नेमका तोच अणू बदलायचा, यापेक्षा नेटकं रसायन मी पाहिलेलं नाही. निसर्गानेही ट्रान्सफर आरएनएमध्ये २-थायोयुरिडीन वापरलेलं आहे. तुमची चूक जी-टीची असेल, आणि एचा जी झालेल्या जागांत ती येऊ शकते, तर पुरवठादाराकडे हा बदल मिळतो का ते जरूर विचारा.

२-अमिनोॲडेनीन टीशी दोनऐवजी तीन बंध करतो आणि टीएम एखाद-दोन अंशांनी वाढवतो. ५-मिथाइल सायटोसीन अर्ध्या अंशाच्या आसपास भर घालतो. दोन्ही मदतनीस म्हणून ठीक. फॉस्फोरोथायोएटने अचूकता वाढत नाही, ते एन्झाइमच्या कातरीपासून धाग्याचं टोक वाचवतं. आणि इनोसीन या कामात अजिबात घेऊ नका. तो कुणाशीही जुळवून घेतो, म्हणजे आपल्या हेतूच्या बरोबर उलट.

एलएनए कुठे बसवायचे

वॅक्सीचा प्रोब १२ ते १४ अक्षरांचा घ्या. ज्या अक्षरावर फरक आहे ते मधोमध आणा. ते अक्षर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं एकेक, अशी तीन अक्षरं सलग एलएनए करा. चुकीची जोडी ओळखायला हे त्रिकूट साधारणपणे सगळ्यात प्रभावी ठरतं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चुकीची जोडी जी-टी असेल आणि जी प्रोबच्या बाजूला असेल, तर त्या जीवर एलएनए नको, आणि त्याला लागून असलेल्या अक्षरांवरही नको. तिथे एलएनए घातला तर ओळखण्याची ताकद कमी होते. वॅक्सीत ही वेळ येत नाही, कारण आपण धागे निवडतानाच जीला बाजूला ठेवलं.

त्रिकूट बसवल्यावर टीएम कमी पडत असेल तर उरलेल्या भागात दर दोन-तीन अक्षरांमागे एखादा एलएनए पेरा. चारपेक्षा जास्त सलग ठेवू नका. प्रोब स्वतःवरच दुमडत असेल, तर दुमडणाऱ्या दोन्ही बाजूंना एलएनए येऊ देऊ नका. ती गाठ मग सुटत नाही. पुरवठादारांच्या फॉर्मवर एलएनए अक्षराआधी अधिकचं चिन्ह लिहायची पद्धत आहे. ते टाकायचं राहिलं तर साधा डीएनए येईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही, म्हणून ऑर्डर पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

प्रोबऐवजी प्रकारागणिक वेगळा प्रायमर वापरत असाल तर फरकाचं अक्षर ३' टोकाला येतं आणि एलएनएही तिथेच, एकच पुरे. अशा वेळी पॉलिमरेज साधा टॅक घ्या. चुका दुरुस्त करणारा पॉलिमरेज तुमचं न जुळलेलं टोक कुरतडून टाकतो आणि पुढे वाढवतो, म्हणजे चाचणीच संपली.

टीएमचा हिशेब

साध्या डीएनएसाठीचे ऑनलाइन हिशेब एलएनए धरत नाहीत. एलएनए लिहिता येतं असाच कॅल्क्युलेटर वापरा. मोठ्या पुरवठादारांच्या संकेतस्थळांवर तो फुकट असतो. मीठ, मॅग्नेशियम आणि प्रोबची तीव्रता तुमच्या मास्टर मिक्सप्रमाणे भरा, आधीपासून भरून आलेले आकडे तसेच ठेवू नका.

अंदाज यावा म्हणून: ए-टीने भरलेला साधा १३ अक्षरी प्रोब ४० अंशांच्या आसपास सुटतो असं धरू. त्यात ५ एलएनए घातले, प्रत्येकी ४ ते ५ अंश वाढ धरली, तर तो ६० ते ६५ वर जातो. प्रायमर ६० अंशांना चालवायचे असतील तर प्रोबची योग्य जोडी ६५ ते ६७ वर आणि चुकीची जोडी ५५ च्या खाली असावी. वाचन, म्हणजे चमक मोजणं, ६० वर. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते.

मागवताना आणि नळी उघडताना

असे धागे फॉस्फोरामिडाइट पद्धतीने बनतात. मार्विन कॅरुथर्स यांनी १९८१ मध्ये ती रूढ केली. अक्षरं एकेक करून जोडली जातात, आणि प्रत्येक जोडणीत थोडं नुकसान होतं. दर जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी २० अक्षरांच्या धाग्यात पूर्ण लांबीचे रेणू ८३ टक्क्यांच्या आसपास उरतात. ९८ टक्के झाली तर ६८. बाकीचे अर्धवट तुकडे. बदललेली अक्षरं जोडायला वेळ जास्त घेतात, म्हणून एचपीएलसीने शुद्ध केलेलाच प्रोब मागवा आणि मास स्पेक्ट्रमचा कागद मागून घ्या. कागदावरचं वजन तुमच्या क्रमाच्या वजनाशी जुळलं पाहिजे. एलएनए खरोखर बसलेत की नाहीत, हे तिथेच कळतं.

प्रोब वाळवलेल्या रूपात कुरिअरने येतो, प्रवासात बर्फ लागत नाही. नळीत बघितलं तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. तळाशी किंवा झाकणाच्या आतल्या कडेला पातळ पापुद्रा असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा पाण्याने जड असते. फ्रीजरमधून काढलेली नळी लगेच उघडली की आत दव धरतं, म्हणून आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग एक मिनिट सेंट्रीफ्यूज करा, आणि नंतरच झाकण उघडा. लेबलवर जितके नॅनोमोल लिहिले असतील त्याच्या दसपट मायक्रोलिटर बफर घातला की १०० मायक्रोमोलर द्रावण होतं: २३.४ नॅनोमोल असतील तर २३४ मायक्रोलिटर. बफर म्हणजे १० मिलिमोलर ट्रिस आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८. फॅम रंगाला आम्लता सोसत नाही, त्याची चमक कमी होते. साय-५ रंग असेल तर पीएच ७.५ च्या वर नको. लहान लहान वाटे करून फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवा. वीज जाते तेव्हा फ्रीजर वितळतो आणि पुन्हा गोठतो. वाटे वेगवेगळे असले, आणि एक वाटा दुसऱ्या फ्रीजरमध्ये असला, तर नुकसान मर्यादित राहतं.

भाताच्या डीएनएआधी वितळण चाचणी

ही चाचणी स्वस्त आहे आणि टाळू नये. जीवाला आणि टीवाला असे दोन साधे, तीस-एक अक्षरांचे कृत्रिम धागे मागवा. प्रोब ज्या धाग्यावर बसतो त्याच धाग्याचे, हे पुन्हा तपासून. रिअल-टाइम मशिनमध्ये प्रोब आणि एकेक धागा वेगळ्या नळीत घ्या, मास्टर मिक्सचाच बफर वापरा, पण पॉलिमरेज नको. ९५ अंशांना दोन मिनिटं, मग सावकाश ४० पर्यंत खाली. तिथून अर्ध्या अर्ध्या अंशाने वर चढत प्रत्येक पायरीला चमक मोजा. प्रोब जुळलेला असताना चमकतो, सुटला की विझतो. चमकेच्या उताराचा आलेख काढला की प्रत्येक नळीला एक शिखर मिळतं.

दोन शिखरांमध्ये १० अंश किंवा जास्त अंतर असेल तर पुढे जा. अंतर कमी असेल तर एलएनए वाढवू नका. आधी दोन्ही टोकांची एकेक अक्षरं कमी करून बघा, धागा बरोबर निवडलाय का ते तपासा, आणि मॅग्नेशियम थोडं खाली आणा. मॅग्नेशियम जास्त झालं की चुकीच्या जोड्यांनाही आधार मिळतो. दोन्ही शिखरं वर सरकली असतील पण अंतर चांगलं असेल, तर प्रोब ठीक आहे, फक्त वाचनाचं तापमान वाढवा. डीएमएसओ हे द्रावक घालत असाल तर दर टक्क्यामागे टीएम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त उतरतो हे हिशेबात धरा.

खऱ्या नमुन्यावर

डीएनए शक्यतो रोपाच्या कोवळ्या पानातून, सीटॅब पद्धतीने काढा. दाण्यात स्टार्च इतका असतो की तो पीसीआर अडवतो. प्रत्येक वेळी चार नळ्या सोबत चालवाच: खात्रीचा जीवाला, खात्रीचा टीवाला, दोघांचे डीएनए समप्रमाणात मिसळून केलेला, आणि नुसत्या पाण्याचा. पहिल्यांदा चालवताना ५८ ते ६६ अंशांचा ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळ्या नळ्यांना वेगवेगळं तापमान) लावा, आणि चुकीच्या नमुन्याची रेघ सपाट राहूनही योग्य नमुन्याची रेघ लवकर उठते असं तापमान निवडा.

बाजारातला तांदूळ तपासायचा असेल तर पान मिळत नाही. पॉलिश केलेल्या दाण्यातला अंकुर निघून गेलेला असतो, उरतो तो एंडोस्पर्म. त्यात जनुकांचे तीन संच असतात, दोन आईकडचे आणि एक बापाकडचा. त्यामुळे संकरित रोपावरच्या दाण्यात दोन्ही प्रकारांचं प्रमाण सारखं न येता दोनास एक येऊ शकतं, आणि दोन प्रोबच्या रेघा पुढेमागे उठतात. हा प्रोबचा दोष समजून रचना बदलू नका. असे दाणे एकेक करून तपासा, आणि मूठभर दाण्यांच्या पिठाचा निकाल भेसळीचं प्रमाण म्हणून सांगण्याआधी ठरावीक प्रमाणात मुद्दाम मिसळलेले नमुने त्याच दिवशी, त्याच प्लेटवर चालवा.